लॅबमध्ये पोरांना एकदा तरी थरथरणारा सिग्नल दाखवा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

पॉलिटेक्निकच्या शेवटच्या वर्षाच्या पोरांचे प्रोजेक्ट जमा करायचे दिवस आलेत म्हणून हे पत्र आत्ताच लिहितोय, जमलं तर छापा. मी सांगलीत तीस वर्षं टीव्ही आणि कारखान्यांची कंट्रोल कार्डं दुरुस्त केली. मागच्या आठवड्यात पुतणी तिचा ब्रेडबोर्ड (सोल्डर न करता सर्किट जोडायची पाटी) घेऊन आली, अगदी रडकुंडीला आलेली. बेदाण्याचे बॉक्स पट्ट्यावरून जाताना मोजायचे एवढंच सर्किट, एलडीआरवर (उजेडाप्रमाणे रेझिस्टन्स बदलणारा सेन्सर) टॉर्चचा उजेड, बॉक्स आडवा आला की अंधार, आणि तो सिग्नल ७४एचसी२४४ बफरमधून (आलेला सिग्नल जोरकस करून पुढे देणारी चिप) काउंटरला. पण बॉक्स जातो एक आणि आकडा कधी चारने वाढतो कधी अकराने. कॉलेजात सांगितलं चिप खराब असेल, बदल. पोरीने तीन चिपा बदलल्या, पॉवर सप्लाय बदलला, मग कोणीतरी सांगितलं नॉइज आहे, इनपुटला १० मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर लाव, तो लावल्यावर तर अजूनच बिघडलं.

स्कोप (सिग्नलचा आलेख पडद्यावर दाखवणारं यंत्र) लावला तेव्हा कळलं. शून्यातून एकात जाताना आउटपुट सरळ वर चढतच नव्हतं, मध्येच कंगव्याच्या दातांसारखे बारीक पल्स येत होते आणि काउंटर इमानदारीत प्रत्येक दात मोजत होता.

यात चिपचा काही दोष नाही. एचसी फॅमिलीची, म्हणजे ७४एचसी नावाच्या चिपांची, डेटाशीट (कंपनीचं माहितीपत्रक) सांगते की ४.५ व्होल्टला इनपुट ५०० नॅनोसेकंदांच्या आत खालून वर गेला पाहिजे. एलडीआरला त्यासाठी कित्येक मिलिसेकंद लागतात, म्हणजे हजारो पटीने हळू, आणि वर तो कपॅसिटर लावून आपण त्याला आणखी हळू केलेलं. मग इनपुट अडीच व्होल्टच्या आसपास रेंगाळतो आणि तिथे बफर हा बफर राहतच नाही, बारीक हालचालही खूप मोठी करणारा, मोठ्या गेनचा अॅम्प्लिफायर होतो. आउटपुट पलटला की सप्लायमधून करंटचा झटका जातो, ग्राउंडची वायर वीतभर लांब असली की चिपचं स्वतःचं ग्राउंड हलतं, ग्राउंड हललं की चिपला तोच इनपुट वेगळा दिसतो आणि आउटपुट परत पलटतो, असं इनपुट अडीच व्होल्टच्या आसपासची ती जागा ओलांडेपर्यंत चालू राहतं. त्यात आठपैकी सात बफरचे इनपुट तिने मोकळे सोडलेले, बोर्डाजवळ नुसतं बोट नेलं तरी आकडा बदलायचा. सीमॉसचा (एचसी चिपा याच प्रकारच्या) मोकळा इनपुट म्हणजे अँटेनाच.

आम्ही एकेक करून बघितलं. आधी सातही इनपुट ग्राउंडला बांधले. मग १०४ नंबरचा (०.१ मायक्रोफॅरॅडचा) सिरॅमिक कपॅसिटर बफरच्या २० (सप्लाय) आणि १० (ग्राउंड) नंबरच्या पिनांना अगदी चिकटून लावला, टोकाला सप्लायपाशी नाही, तिथे त्याचा उपयोग नसतो. ग्राउंडची वायर आखूड केली. एवढ्याने उड्या दोन-तीनवर आल्या पण थांबल्या नाहीत, कारण मूळ दुखणं ती हळू चढण होती. मग एलडीआर आणि बफरच्या मध्ये ७४एचसी१४ टाकली. हिच्यात श्मिट ट्रिगर असतो, वर जायची पातळी वेगळी आणि खाली यायची वेगळी, त्यामुळे एकदा पलटली की बारीकसारीक हलण्याने मागे येत नाही. ओटो श्मिटने हे सर्किट १९३८ साली छापून प्रसिद्ध केलं, इतकं जुनं आहे ते. त्यानंतर पन्नास बॉक्स पाठवले, काउंटरवर पन्नास.

अजून एक, स्कोपच्या प्रोबची मगरचिमट्याची लांब ग्राउंड वायरसुद्धा स्वतःची थरथर दाखवते. मी पहिली दहा मिनिटं तिच्याच मागे घालवली, मग तिच्या जागी छोटी ग्राउंड स्प्रिंग लावली तेव्हा खरं काय ते दिसलं. हे पोरांना कोणी सांगतच नाही.

माझी तक्रार कुठल्या एका कॉलेजची नाही. लॅबमध्ये ट्रेनर किट असतं, त्याची बटणं आतून डिबाउन्स केलेली (दाबताना होणारी थरथर काढलेली), क्लॉक स्वच्छ, पोरं ट्रुथ टेबल (कोणत्या इनपुटला कोणता आउटपुट याचा तक्ता) भरतात आणि सही घेतात. चिपमधलं गेट बिघडल्यासारखं वागताना त्यांना कधी दिसतच नाही, मग स्वतःचा बोर्ड बनवला की एकच औषध माहीत, चिप बदला. कृपा करून एक प्रॅक्टिकल असं ठेवा की साध्या बफरला मुद्दाम हळू सिग्नल द्यायचा, १०४ काढून बघायचा, लावून बघायचा, मग त्याच जागी ७४एचसी१४ लावायची आणि तिन्ही वेळचं चित्र स्कोपवरून जर्नलमध्ये काढायचं. दोन तासांचं काम आहे, सामान चहाच्या खर्चात येतं.

जाता जाता सांगतो, पुतणीने खराब समजून डब्यात टाकलेल्या तिन्ही चिपा आम्ही त्याच बोर्डावर परत लावून बघितल्या. तिन्ही चांगल्या निघाल्या.

आपला,
एक निवृत्त दुरुस्ती कारागीर, सांगली