दादाने सही का केली?

संपादक महोदय,
स. न.

रविवारच्या पुरवणीतला ‘पात्रांना हेतू द्या’ हा लेख वाचला. लगेच लिहायला बसले होते, पण रागाच्या भरात लिहिलेलं पत्र एक रात्र बाजूला ठेवायची माझी सवय आहे. आज पुन्हा वाचलं. राग तसाच आहे, म्हणून पाठवते.

लेखकाचं म्हणणं असं की प्रत्येक पात्राला एक ठळक ध्येय आणि बालपणातली एक जखम दिली की कादंबरी आपोआप पळू लागते. जखम! म्हणजे खलनायक दुष्ट का, तर लहानपणी वडिलांनी मारलं. नायिका अबोल का, तर लहानपणी आई गेली. अहो, त्याच वडिलांचा तोच मार खाल्लेला खलनायकाचा सख्खा भाऊ सुखाने संसार करतो आहे, त्याचं काय? दोघांपैकी हाच का बिघडला, हे तर सांगायचं असतं. ते त्या मारात सापडत नाही.

मी तीस वर्षं मुद्रितं तपासली. शुद्धलेखन बघायचं, मजकुरात नाक खुपसायचं नाही, ही अट. एका कादंबरीच्या वेळी मात्र राहवलं नाही. तेराव्या प्रकरणात थोरला भाऊ राहत्या घरावरचा आपला हक्क सोडून देतो. कागद पुढे येतो, दादा सही करतो, परिच्छेद संपतो. आधीची बारा प्रकरणं हाच माणूस खिळान् खिळा मोजून ठेवणारा! मी समासात पेन्सिलीने लिहिलं, ‘सही का केली?’

लेखकमहाशय तावातावाने आले. म्हणाले, “त्याने सही केली नाही तर पुढची नऊ प्रकरणं कुठून आणू?”

म्हणजे सही दादाने केलीच नव्हती. लेखकाने त्याचा हात धरून उठवली होती.

पुढच्या मुद्रितात तीन पानं वाढून आली. लहानपणी आजोबांनी दादाला भर पावसात घराबाहेर काढलं होतं, म्हणून त्याला त्या घराचाच तिटकारा. (आपल्या रविवारच्या लेखकाला हे फार आवडलं असतं.) मी पुन्हा प्रश्नचिन्ह काढलं, कारण तिटकारा असलेला हा गृहस्थ चौथ्या प्रकरणात त्याच घराचं छप्पर स्वतः वर चढून दुरुस्त करतो. “मग बाई, तुम्हीच सांगा,” असं ते खोचकपणे म्हणाले. मी सांगितलं. दुसऱ्या प्रकरणात कुणीतरी दादाला ‘हिशेबी’ म्हणतं आणि तो भरल्या ताटावरून उठून जातो. हे तुम्हीच लिहिलंय, तुम्हीच विसरलात. कागद पुढे आल्यावर दादाला घुटमळू द्या आणि धाकट्याला फक्त म्हणू द्या, “दादा, हिशेब करतोयस?”

तीन पानं गेली, तीन शब्द आले. दादाला घर हवंच आहे. पण हिशेबी असूनही धाकट्यासमोर तसं दिसायचं नाही, हे त्याला घरापेक्षा जास्त हवं आहे. दोन्ही एकाच माणसाला, एकाच क्षणी हवं असतं, म्हणून पेन उचललं जातं. आणि मग चौदावं प्रकरणही बदलावं लागलं! मोठेपणासाठी सही केलेला माणूस दुसऱ्या दिवशी उघडपणे घर परत मागू शकत नाही. त्याला आडवाटेनेच जावं लागतं, खोटं बोलावं लागतं, ते लपवायला आणखी बोलावं लागतं. नऊ प्रकरणं कुठून आणू म्हणत होते ना, ती तिथून आली.

पुढे त्या कादंबरीचं परीक्षण छापून आलं. नेमक्या त्या प्रसंगातली ‘मानवी मनाची सूक्ष्म जाण’ परीक्षकांनी वाखाणली होती. जाण अर्थातच लेखकाची. मी ऱ्हस्व-दीर्घापुरती.

असो. कालिदासाने दुर्वासाचा शाप ही ‘सोयीस्कर पळवाट’ काढली, असंही त्या लेखात आहे. महाभारतातला दुष्यंत शकुंतलेला ओळखूनही नाकारतो. नाटकाच्या नायकाला ते शोभणार नाही म्हणून शाप आणि अंगठी आली, इथवर कबूल. पण दुर्वास चिडतो कशाने? अतिथी दारात उभा राहून हाक देतो आणि तिला ती ऐकूच येत नाही, कारण तिचं मन दुष्यंतापाशी गेलेलं आहे. शापसुद्धा तिच्या प्रेमातूनच ओढवला आहे. सोय सगळ्यांनाच लागते हो, कालिदासालाही लागली. पण ती पात्राकडून मागून घेण्याची अक्कल त्याला होती. आणि ‘एका पात्राला एकच ध्येय’ हा नियम शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’तल्या खलनायकाला, इयागोला, कळवायचा राहिला असावा. तो बढती हुकल्याचं सांगतो, बायकोवरचा संशय सांगतो, एकही कारण पुरं पडत नाही आणि तरी अख्खं नाटक तोच हलवतो.

राजा मेला आणि त्याच्या दुःखाने राणी मेली, हे इंग्रजी कादंबरीकार फॉर्स्टरचं, कथानक कशाला म्हणायचं ते सांगणारं उदाहरणही लेखात आलंच. १९२७ साली त्याचं पुस्तक आलं, तेव्हापासून त्या दोघांना कुणी सुखाने मरू दिलेलं नाही.

जाता जाता एक. माझ्या मागच्या पत्रातला मधला परिच्छेद आपण कापलात. मी अमुक पुस्तक अर्ध्यात टाकून दिलं, एवढं छापलंत. का टाकलं, ते त्या परिच्छेदात होतं. चार ओळखीच्यांनी विचारलं, “एवढं चिडायला झालं काय?” हेतू नसलेलं पात्र म्हणून आपल्या पानावर मीच उभी राहिले. या वेळी जागा कमी पडली तर राजाराणी काढा, कालिदासही काढा. दादाला हात लावू नका.

आपली,
एक निवृत्त मुद्रितशोधक