पांबनचे दांडे भंगारात घालू नका

महोदय,

रामेश्वरचा जुना पांबन रेल्वे पूल मोडीत काढणार, ही बातमी वाचून राहवलं नाही म्हणून लिहितो. आमच्या यवतमाळकडच्या शकुंतला या छोट्या रेल्वेवर गँगमन म्हणून, रूळ सांभाळण्यात माझी सगळी नोकरी झाली. समुद्र मी एकदाच पाहिला, २०११ साली, आम्ही दोघं रामेश्वरला गेलो तेव्हा.

रस्त्याच्या पुलावर गाडी थांबली. खाली बोटी खोळंबल्या होत्या. रेल्वे पुलाचे दोन लोखंडी पाखे मधोमध सुटले आणि हळूहळू आभाळाकडे उठले. माणसं हातानं दांडे ढकलून ते उघडत होती! मागं भार झाला की बंडी उलार होते, जू वर जातं, तसंच ते. पाख्याच्या मुळाशी वजन असल्यामुळं एवढं धूड मागं कलंडत वर येतं. ही युक्ती शिकागोच्या विल्यम शेर्झर यांची, पूल १९१४ चा. डिसेंबर १९६४ च्या वादळात धनुष्कोडीजवळ प्रवाशांसह गाडी वाहून गेली, पुलाचे १२६ गर्डर पडले, पण हा उचलता भाग टिकला. रेल्वेचे इंजिनिअर ई. श्रीधरन यांच्या हाताखालच्या माणसांनी ४६ दिवसांत पूल पुन्हा चालू केला.

पांबन स्टेशनवर त्या दांड्यांवरचा एक जण भेटला. त्याला हिंदी येईना, मला तमिळ. मी तळवे उघडून दाखवले, त्यानं त्याचे दाखवले. बोटांच्या मुळाशी घट्टे त्याच जागी. माझे सबलीचे, त्याचे दांड्याचे.

एप्रिल २०२५ पासून गाड्या शेजारच्या नव्या पुलावरून जातात, हे योग्यच झालं. खाऱ्या हवेनं खाल्लेल्या लोखंडावरून गाडी नेऊ नये. दोन किलोमीटरचा सगळा पूल ठेवा, असंही मी म्हणत नाही. पण ते दोन पाखे, त्यांचं वजन आणि मुख्य म्हणजे हाताचे दांडे किलोच्या भावानं विकू नयेत. काठावर असे उभारावेत की शाळेतल्या पोरांना स्वतः दांडा ढकलून बघता येईल. आणि ते चालवणाऱ्यांकडून काम बारकाईनं लिहून घ्यावं.

शकुंतलेचं वाफेचं इंजिन १९९४ साली थांबलं. त्यावरचे माझ्या ओळखीचे फायरमन एकेक करून गेले. कोणत्या चढाला किती कोळसा टाकायचा, हे विचारायला आज आमच्याकडं माणूस नाही. पांबनचा तो गडी माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान होता. त्याला अजून गाठता येईल.

आपला,
एक निवृत्त गँगमन
ता. दारव्हा, जि. यवतमाळ