अँथनीच्या घरची पाहुणी

शिकागो

प्रिय सुलभा,

8 मार्चला तू शाळेत, अमेरिकेत बायकांच्या मताधिकारासाठी लढलेल्या सुझन अँथनीवर बोलणार आहेस हे वाचलं आणि लगेच लिहायला बसले. कॉलेजच्या भित्तिपत्रकावर आपण दोघींनी तिचं चित्र काढलं होतं, आठवतं? मला ती आजही मोठीच वाटते. म्हणूनच पुढचं सांगताना जीव तुटतो.

इथे माझी बस ज्या रस्त्यावरून जाते, त्याला आयडा बी. वेल्सचं नाव आहे. मिसिसिपीत 1862 साली गुलामीत जन्मलेली ही पत्रकार. काळ्या माणसांना जमाव ठार मारत असे. त्याविरुद्ध लिहिलं म्हणून 1892 मध्ये मेम्फिसमधल्या तिच्या वर्तमानपत्राची मोडतोड झाली. ही आयडा अँथनीच्या गावी, रोचेस्टरला, तिच्याकडे पाहुणी म्हणून राहिली होती. काळ्या बाईचा मजकूर लिहून घ्यायला अँथनीच्या लेखनिक मुलीने नकार दिला, तेव्हा अँथनीने तिला कामावरूनच काढलं.

आणि याच अँथनीने फ्रेडरिक डग्लस या काळ्या नेत्याला सांगितलं, दक्षिणेत अटलांटाला भरणाऱ्या आमच्या मताधिकार संघटनेच्या अधिवेशनाला येऊ नका. 1848 मध्ये सेनेका फॉल्सच्या स्त्री-हक्क परिषदेत बायकांच्या मताधिकाराच्या ठरावामागे ठामपणे उभा राहिलेला तोच हा डग्लस! का, तर दक्षिणेतल्या गोऱ्या बायका संघटनेत यायला हव्या होत्या. काळ्या बायकांना शाखा काढायची होती, तिथेही तिने मदत नाकारली. आयडाने आत्मचरित्रात लिहिलंय, की हे सगळं अँथनीनेच तिला सांगितलं आणि विचारलं, माझं चुकलं का? आयडा म्हणाली, हो. चळवळीचा फायदा झाला असेल, पण गोऱ्या बायकांच्या मनातला भेद तुम्ही पक्का केलात.

सुलभा, जिने घरात भेद पाळू दिला नाही, तिने तो मांडवात पाळला. मला हेच सोसत नाही.

अटलांटाचं अधिवेशन झालं 1895 मध्ये. त्याच फेब्रुवारीच्या 20 तारखेला डग्लस वॉशिंग्टनमध्ये बायकांच्या सभेला गेला, घरी परतला आणि संध्याकाळी वारला.

1913 मध्ये वॉशिंग्टनला बायकांच्या मताधिकारासाठी निघालेल्या मोर्चात आयडाला सांगण्यात आलं, शेवटी काळ्या बायकांबरोबर चाल. ती गर्दीत जाऊन उभी राहिली. इलिनॉय या तिच्या राज्याची तुकडी समोर आली, तशी पुढे होऊन दोन गोऱ्या मैत्रिणींच्या मधोमध चालू लागली. 1920 मध्ये बायकांना मताचा हक्क मिळाला, पण दक्षिणेतल्या बहुतेक काळ्या बायकांना खरंखुरं मत टाकायला 1965 चा मतदान हक्काचा कायदा यावा लागला.

त्या मोर्चातला तिघींचा फोटो शिकागोच्या वर्तमानपत्रात छापून आला होता. तो पाठवते. अँथनीच्या चित्राशेजारी लाव.

तुझी,
मेघा