नव्या पातेल्याला बिडाच्या कढईसारखं वागवू नकोस

बाळा,

काल तू व्हॉट्सअपला टाकलेला फोटो चष्मा लावून तीनदा बघितला. तुझ्या नव्या एनॅमलच्या पातेल्याचा तळ तपकिरी झालाय आणि आई म्हणाली की तू तारेची घासणी घेऊन बसलीयस, तर आधी ती घासणी बाजूला ठेव. फोनवर तू कायम घाईत असतेस म्हणून लिहितोय, निवांत वाच.

माझी अख्खी नोकरी फौंड्रीत गेली, बीड म्हणजे ओतीव लोखंड, ते काय चीज असते ते मला हातानं कळतं. आपल्या किर्लोस्करवाडीला १९१० पासून कारखाना आहे, आधी नांगर मग पंप, त्यामुळं ह्या भागात ओतकाम कुणाला नवीन नाही. तुझं पातेलं आतून तेच बीड आहे गं, पण वरून त्याला काच आहे, तिलाच एनॅमल म्हणतात. नुसता रंग नाही, खरी काच. काचेची बारीक पूड लावून आठशे डिग्रीच्या आसपास भट्टीत भाजतात, मग ती वितळून लोखंडाला धरते. आता काच आणि लोखंड तापल्यावर सारखे फुगत नाहीत, हळूहळू तापवलं तर दोघांचं जमतं, एकदम तापवलं किंवा एकदम गार केलं की काच तडकते आणि टवका उडतो. म्हणून रिकामं पातेलं मोठ्या गॅसवर ठेवायचं नाही, आधी तेल घाल, आच मंद नाहीतर मध्यम. बीड एकदा तापलं की लय वेळ गरम राहतं, मोठी आच लागतच नाही. आणि तापलेलं पातेलं नळाखाली धरायचं नाही म्हणजे नाही, फ्रीजमधून काढून थेट गॅसवरपण नको.

आईच्या बिडाच्या कढईत चिंचेची आमटी केली की काळी पडते, लोखंडाची चव येते, शिवाय तिला सारखा तेलाचा हात लावावा लागतो. तुझ्या पातेल्याला ते काही नाही. टोमॅटो, कोकम, चिंच बिनधास्त घाल, अख्खा मसूर तर असा होईल बघ, मंद आचेवर झाकण लावून सोडून दे.

पण एक सवय मोडावी लागेल. आमटी ढवळून झाली की डाव काठावर टकटक आपटायची आपल्या घरातली रीत आहे, आईची, आजीची, तुझीपण. स्टीलचा डाव काठावर आपटला की टवका तिथंच उडतो. लाकडी उलथनं वापर. इंडक्शनवर चालतं, फक्त ओढू नकोस, दोन्ही हातांनी उचलून ठेव, वजन आहे त्याला.

डागाचं काय, तर पाणी घालून दोन चमचे खायचा सोडा टाक, दहा मिनिटं उकळू दे, लाकडी उलथन्यानं हलकं खरवड, गार झाल्यावर मऊ स्पंजनं धू. थोडा डाग राहिला तर राहू दे, त्यानं काही बिघडत नाही. काठावर काच पातळ असते, तिथं पाणी राहिलं की गंज चढतो, म्हणून पुसून कोरडं कर आणि बोटानं तेल फिरव.

बाहेरून टवका उडाला तर चालतंय. आतून उडाला तर त्यात स्वयंपाक बंद, काचेचा कण पोटात जायला नको, मग किती का महाग असेना.

आज धुतल्यावर तळावरून नख फिरवून बघ. गुळगुळीत लागलं तर काच शाबूत आहे. खरखरीत लागलं तर खिडकीच्या उजेडात फोटो काढून पाठव, मी बघतो.

तुझे पप्पा
सांगली