शिक्षण परिषदेत शिकवण्यावर बोलू द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

हल्ली ट्रेनिंग असो की भाषण, 'प्रत्येक मूल आपापल्या गतीने शिकलं पाहिजे' हे वाक्य येतंच. मान्य आहे, पण हे ज्यांनी करायचं त्यांचा दिवस कसा जातो ते कोणी बघत नाही. मी जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत शिकवते. आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीच्या ६० पटापर्यंत दोनच शिक्षक. माझ्याकडे तिसरी-चौथी एकत्र, त्यात एक जण गोष्ट धडाधड वाचतो, एक अजून जोडाक्षरात अडकलाय, एकीला वाचता येतं पण हातच्याची वजाबाकी काही केल्या जमत नाही.

'प्रथम' या शिक्षणात काम करणाऱ्या संस्थेची पद्धत यावर चांगली आहे, इयत्ता बाजूला ठेवायची आणि अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट अशा पातळीप्रमाणे गट पाडायचे. आम्ही दोघांनी सगळ्या शाळेची पोरं मिसळून असे गट केले, एक सर घेतात, एक मी, बाकीच्या गटांना मोठी पोरं सांभाळतात. गोंगाट होतो, होऊ दे. पण कोणाला पुढच्या गटात टाकायचं हे आम्ही दोघं रोज दहा मिनिटं बसून बोललो तरच हे चालतं आणि नेमकी तीच दहा मिनिटं मिळत नाहीत, कारण मोबाईलवर 'माहिती आजच सादर करावी' आलेलं असतं. आधार, यू-डायस म्हणजे शाळेची ऑनलाइन माहिती, पोषण आहार, बीएलओ म्हणून मतदार यादीचं काम, काय काय सांगू.

आमच्या केंद्राची, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाची, शिक्षण परिषद ही शिक्षकांची बैठक खरं तर अशा बोलण्यासाठीच असते. तिथे परिपत्रकं वाचतात, लिंक भरली का विचारतात, चहा, फोटो, झालं. साताऱ्यात कुमठे बीटने (बीट म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याकडच्या शाळा) ज्ञानरचनावादाचं, म्हणजे मुलांनी स्वतः करून शिकण्याचं काम केलं तेव्हा राज्यभरातून शिक्षक बघायला गेले, २०१५ मध्ये 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र'चा जीआर पण आला. पण बहुतेक शाळांनी तिथून उचललं काय, तर फरशीवरची रंगीत आखणी! ते काम एकट्यादुकट्या हुशार शिक्षकाचं नव्हतं, अख्ख्या बीटमधल्या शाळांनी मिळून केलेलं होतं, हे राहूनच गेलं. रंगाचा डबा आणणं सोपं असतं ना.

माझं म्हणणं एवढंच, परिपत्रकं ग्रुपवर टाका, आम्हाला वाचता येतात. परिषदेत निदान दोन तास असे ठेवा की एकेका शिक्षकाने आपल्या वर्गातल्या अडलेल्या मुलाची वही घेऊन यायची आणि बाकीच्यांनी मी असतो तर काय केलं असतं ते सांगायचं. साहेब लोकांनीही बसावं, पण मागे. आणि त्या दिवशी फोटो मागू नका.

- एक प्राथमिक शिक्षिका, जि. सातारा