एआरटी केंद्रातल्या (एचआयव्हीवरच्या औषधोपचार केंद्रातल्या) समुपदेशक ताईंना

ताई,

सप्रेम नमस्कार.

या पत्रात तुमचं नाव नाही, दादाचंही नाही. तुम्ही तरीही ओळखालच. अप्पा बळवंत चौकाजवळच्या छापखान्यात कटिंग मशीनवर काम करणारा, सीडी-४ (रक्तातल्या, रोगाशी लढणाऱ्या पेशी) अवघे ३८ आलेला आणि मान वर न करणारा माणूस, आणि त्याच्या शेजारी बसलेली मी, त्याची धाकटी बहीण. त्याची परवानगी घेऊनच लिहितेय.

ताप, खोकला, वजन, जेवण सगळं विचारून झाल्यावर तुम्ही विचारलंत, "डोळ्यांपुढे ठिपके, जाळी, सावली असं काही दिसतं का?" दादा नाही म्हणाला. तुम्ही तेवढ्यावर सोडलं नाहीत. कामावर काही वेगळं जाणवतं का, म्हणालात. तेव्हा तो सहज बोलून गेला की हल्ली कागदावर शाईचे ठिपके फार असतात, बोटाने पुसले तरी जात नाहीत. तुम्ही पेन खाली ठेवलंत. त्याला उजवा डोळा झाकून भिंतीवरचं कॅलेंडर बघायला लावलंत. महिन्याच्या शेवटच्या दोन ओळी त्याला दिसतच नव्हत्या.

त्याआधी एका ठिकाणी डोळे दाखवले होते. नंबर काढून चष्मा हातात दिला गेला, बाहुली मोठी करून आतला पडदा कुणी पाहिला नाही. तुमच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, "दोन्ही डोळ्यांचे पडदे, बाहुली मोठी करून, आजच." 'आजच'खाली दोन रेघा होत्या.

सायटोमेगॅलोव्हायरस हे नाव मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. कितीतरी धडधाकट माणसांच्या अंगात हा विषाणू निपचित पडून असतो आणि सीडी-४ पन्नासच्या खाली गेले की डोळ्याचा पडदा खाऊ लागू शकतो, हे तुम्हीच समजावलंत. डोळा सहसा दुखत नाही, लालही होत नाही, म्हणून माणूस डॉक्टरकडे जातच नाही. दादाच्या डाव्या डोळ्यात तो पडद्याच्या मध्यभागाजवळ पोचला होता. आणि ज्या उजव्या डोळ्याबद्दल त्याची काहीच तक्रार नव्हती, त्याच्याही कडेला एक पांढरट डाग सापडला. ताई, तुम्ही 'दोन्ही' लिहिलं नसतंत तर काय झालं असतं, हा विचार मनात आला की आजही पोटात गोळा येतो.

डाव्या डोळ्यात गॅन्सिक्लोव्हिरची इंजेक्शनं सुरू झाली. डोळ्यात सुई म्हटल्यावर दादाचे हातपाय गार पडले होते. इंजेक्शन त्या एका डोळ्यापुरतंच काम करतं, दुसरा डोळा आणि बाकीचं शरीर सांभाळायला गोळ्या हव्यातच, हे तुम्ही डॉक्टरांच्या बरोबरीने पुन्हा पुन्हा सांगितलंत. व्हॅलगॅन्सिक्लोव्हिर, ४५० मिलिग्रॅमच्या दोन सकाळी, दोन रात्री, भरल्या पोटी, २१ दिवस. मग दिवसातून एकदा दोन. या औषधाने पांढऱ्या पेशी उतरतात, म्हणून रक्ततपासणीची तारीख चुकू नये यासाठी तुमचा आदल्या दिवशी फोन यायचा. एचआयव्हीची औषधं सरकारकडून २००४ पासून मोफत मिळतात, पण डोळ्यासाठीच्या या गोळ्यांची किंमत ऐकून आम्ही सदाशिव पेठेतल्या दुकानातून तसेच परत फिरलो होतो. तुम्ही कुठे कुठे शब्द टाकलात ते आम्हाला कधी कळू दिलं नाहीत. गोळ्या मात्र खंड न पडता मिळाल्या.

१९८९ साली अमेरिकेत गॅन्सिक्लोव्हिर आलं तेव्हा रुग्णांना ते रोज शिरेतून घ्यावं लागे, कित्येकांच्या छातीत त्यासाठी कायमची नळी बसवलेली असे. व्हॅलगॅन्सिक्लोव्हिरची गोळी आली ती २००१ मध्ये. हे वाचलं तेव्हा वाटलं, दादाच्या वाट्याला निदान तेवढं तरी आलं नाही.

डोळ्यांचं औषध सुरू झाल्यानंतर काही दिवसांनी एआरटी, म्हणजे एचआयव्हीची औषधं, दिली. पुढे सीडी-४ वाढले आणि नेमकी तेव्हाच नजर पुन्हा धूसर झाली. औषध लागू पडत नाही असं समजून दादा गोळ्या बंद करायला निघाला होता. तुम्ही फोनवर त्याला अक्षरशः दटावलंत. "ताकद परत येताना कधी कधी डोळ्याला सूज येते, गोळी सोडायची नाही, उद्या सकाळी डोळ्यांच्या विभागात या." सूजच निघाली, थेंबांनी उतरली.

डाव्या डोळ्यातलं गेलेलं परत आलं नाही. हे औषध विषाणूची वाढ रोखतं, मेलेला पडदा जिवंत करत नाही, हे तुम्ही पहिल्याच आठवड्यात स्पष्ट सांगितलं होतंत, आणि त्या खरेपणाबद्दलही तुमचे आभार. उजवा डोळा शाबूत आहे. सीडी-४ शंभरच्या वर टिकून राहिल्यावर डोळ्याच्या डॉक्टरांनी गोळ्या थांबवल्या. दादा कटिंग मशीनवरून बाइंडिंगच्या टेबलावर आलाय, दर तीन महिन्यांनी पडदा तपासून घेतो.

तुमच्या खोलीबाहेर आहाराचे, क्षयरोगाचे तक्ते लावलेले आहेत, डोळ्यांचा एकही नाही. दादाने छापखान्यात एक तयार केलाय, मोठ्या अक्षरात: 'ठिपके, सावली, चमक दिसली तर लगेच सांगा. एकेक डोळा झाकून पाहा.' मजकूर डॉक्टरांनी नजरेखालून घातला की पुढच्या खेपेला शंभर प्रती घेऊन येतो.

तुमची,
दादाची धाकटी बहीण