सगळ्या देशाला एकच 8 लाख? सामाजिक न्याय मंत्र्यांना खुलं पत्र

मा. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्री,
स. न. वि. वि.

साहेब, ईडब्ल्यूएसच्या, म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांच्या आरक्षणाच्या, दाखल्यासाठी कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न 8 लाखांच्या आत पाहिजे हा नियम 2019 पासून आहे आणि तो देशभर एकच आहे, म्हणजे मुंबईत भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यालाही 8 लाख आणि बस्तरच्या खेड्यातल्यालाही 8 लाखच. हे कुठलं गणित?

सरकारचाच 2023-24 चा घरखर्चाचा सर्व्हे काढून बघा. छत्तीसगडच्या ग्रामीण भागात माणशी महिन्याचा सरासरी खर्च 2,739 रुपये, सिक्कीमच्या शहरी भागात 13,927. पाच माणसांचं घर धरलं तर पहिल्याचा वर्षाचा खर्च होतो दीड लाखाच्या थोडा वर आणि दुसऱ्याचा सव्वाआठ लाखांच्या पुढे!! म्हणजे एकीकडे साधं सरासरी घर नुसत्या खर्चातच लिमिट ओलांडतंय. सिक्कीम छोटं राज्य, टोकाचं उदाहरण, मान्य. पण दोन टोकं एवढी लांब असताना मधे एकच रेघ ओढायची म्हणजे कमालच आहे.

लोक म्हणतात यात अन्याय शहरवाल्यांवर होतो. होतोच, पण मला विचाराल तर जास्त मार खातो तो स्वस्त भागातला खरा गरीब, कारण त्याच्या तालुक्यात सात लाख कमावणारा म्हणजे चांगला सुखवस्तू माणूस, पोराला महागडे क्लास लावणारा, आणि तोही तोच दाखला घेऊन त्याच सीटसाठी उभा. दाखला खोटा नाही हो, नियमच तसा आहे.

2021 मध्ये सुप्रीम कोर्टाने हेच विचारलं होतं, की गाव-शहराचा फरक बघितला का? तुमच्या मंत्रालयाने समिती नेमली, समिती म्हणाली 8 लाखच राहू दे. विषय संपला.

जागेप्रमाणे फरक करणं अवघड आहे म्हणावं तर केंद्राच्या कर्मचाऱ्यांना घरभाडं भत्ता एक्स म्हणजे सगळ्यात मोठ्या शहरात 30 टक्के, वाय म्हणजे मधल्या शहरात 20 आणि झेड म्हणजे बाकीच्या ठिकाणी 10 मिळतो, तिथे बरं जमतं. पीएम आवास योजनेत 2023 ला मुंबई महानगर प्रदेशासाठी उत्पन्नाची अट 3 लाखांवरून 6 लाख केली, तेही जमलं. आणि गंमत बघा, ईडब्ल्यूएसच्याच 2019 च्या नियमात प्लॉटची मर्यादा अधिसूचित नगरपालिका हद्दीत 100 चौरस यार्ड आणि बाहेर 200. प्लॉटला गाव-शहर कळतं, पगाराला कळत नाही!

पण एक सांगतो, नुसती शहरांची लिमिट वाढवून मोकळे होऊ नका. गावात भाडं वाचतं खरं, पण मुलगी शिकायला शहरात गेली की हॉस्टेल आणि मेस शहराच्याच भावाने, आजारपण निघालं की जिल्ह्याच्या ठिकाणी जायचं गाडीभाडं आणि त्या दिवसाची बुडालेली मजुरी, हे कोण धरणार? महागाई निर्देशांकही इथे कामाचा नाही, तो एकाच ठिकाणचे भाव आधीपेक्षा किती वाढले ते सांगतो, दोन ठिकाणांपैकी महाग कुठलं ते सांगत नाही. त्यासाठी जागेजागेच्या भावांची तुलना वेगळी करावी लागते, आणि गरिबी कशी मोजायची ते ठरवणाऱ्या तेंडुलकर समितीने 2009 मध्ये प्रत्येक राज्याची ग्रामीण आणि शहरी गरिबीरेषा वेगळी काढून दाखवलीच होती.

तेव्हा किमान राज्यवार आणि ग्रामीण-शहरी अशी वेगळी लिमिट काढा, आणि ती कशी काढली त्याचा हिशोब सगळ्यांना बघता येईल असा ठेवा.

आपला,
दाखल्याच्या रांगेतला एक